ताटातली साक्ष : सातारच्या गादीचे दोन वाद

दाखल्यासाठी वंशावळ जोडायची वेळ आली की आपल्याकडे घराघरांत मोडी कागदांची शोधाशोध सुरू होते. अठराव्या शतकात सातारच्या गादीचा वारस ठरवताना मात्र माणूस खरा की तोतया, याची साक्ष जेवणाच्या ताटावर झाली. तीही दोनदा.

पहिला वाद शाहू महाराजांचा. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा संभाजीराजांचा हा मुलगा सात वर्षांचा होता. मोगलांच्या छावणीतून सुटून आला १७०७ मध्ये, पंचविशीत. मधल्या काळात त्याला स्वराज्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेलं. शाहूंच्या चुलती ताराबाई तेव्हा आपल्या मुलाच्या, दुसऱ्या शिवाजीच्या, नावाने राज्य चालवत होत्या. त्यांनी ‘हा तोतया’ असं जाहीर केलं आणि सरदार बुचकळ्यात पडले. तेव्हा परसोजी भोसले सर्वांदेखत शाहूंबरोबर एका ताटात जेवले. परसोजींचं घराणं आपल्या कोरेगाव तालुक्यातल्या देऊरचं. कुणी कुणाबरोबर जेवायचं याचे नियम कडक असण्याच्या त्या काळात भोसल्याने ताटातला घास वाटून घेणं म्हणजे ‘हा आमच्या रक्ताचा’ अशी जाहीर ग्वाही. ऑक्टोबरात खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंकडे वळले आणि १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

शाहूंच्या मागे मुलगा नव्हता. त्यांच्या अखेरच्या दिवसांत ताराबाईंनीच सांगितलं, की दुसऱ्या शिवाजीचा मुलगा, आपला नातू, जिवंत आहे. सवत राजसबाईच्या भीतीने त्याला लहानपणीच दूर ठेवलं होतं. दर्याबाई निंबाळकरांनी त्याला पानगावात वाढवलं. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू वारले आणि हा रामराजा गादीवर आला. नागपूरकर रघूजी भोसल्यांची खात्री पटेना. ताराबाईंनी भाऊबंदांसमोर याच्याबरोबर जेवावं आणि त्या अन्नाची शपथ घेऊन नातू म्हणावं, अशी त्यांची अट होती. ताराबाईंनी ती पाळली.

वर्षही झालं नव्हतं. पेशव्यांना दूर करावं असा ताराबाईंचा आग्रह, रामराजा ऐकेना. नोव्हेंबर १७५० मध्ये, चंपाषष्ठीच्या दिवसांत, त्याला अजिंक्यताऱ्यावर बोलावून त्यांनी कैद केलं आणि हा नातू नव्हे, गोंधळ्याचा पोर, असं उठवलं. १४ सप्टेंबर १७५२ ला जेजुरीत खंडोबासमोर पेशव्यांच्या देखत त्यांनी तशी शपथही घेतली.

औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेल्या या बाईंबद्दल मला अपार आदर आहे. पण माझा विश्वास त्यांच्या पहिल्या शपथेवर आहे. दुसरी आली ती नातू हुकमात राहत नाही हे कळल्यानंतर. तिचा फायदा पेशव्यांना झाला. ज्याच्या जन्माबद्दल आजीनेच संशय घेतला, अशा छत्रपतीचा शब्द कोण मानणार? कारभार पुण्याला गेला तो कायमचा. रामराजा किल्ल्यावरून शहरात आला तो ताराबाईंच्या मृत्यूनंतर, आणि तरीही नजरकैदेतच राहिला. मला या सगळ्यात वाईट वाटतं ते त्याचंच. आपण कोण, हे त्याला कधी स्वतःच्या तोंडाने सांगताच आलं नाही.

१७७७ मध्ये मृत्यूपूर्वी त्याने वावीच्या भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेतला. तो दुसरा शाहू. त्याच्यावर कुणी हरकत घेतली नाही. ती हरकत आली १८४८ मध्ये, त्याचा मुलगा शहाजी याने मरणापूर्वी घेतलेल्या दत्तकावर. या वेळी निवाडा करणारे भाऊबंद नव्हते, कंपनी सरकार होतं. त्यांनी दत्तक नामंजूर केला आणि सातारचं राज्य खालसा झालं.