तोंडावर ताबा नाही म्हणे!

1961 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा चित्रं दाखवली. एकात धडधाकट मूल, बाकीच्यांत कुबड्या घेतलेलं, चाकांच्या खुर्चीतलं, एक हात नसलेलं, चेहऱ्यावर व्यंग असलेलं आणि लठ्ठ मूल. यातलं कोण जास्त आवडतं, ते क्रमाने सांगायचं होतं. लठ्ठ मूल सगळ्यांत शेवटी आलं. चाळीसेक वर्षांनी हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हाही ते शेवटीच होतं, आणि त्याच्याबद्दलची नावड आधीपेक्षा वाढलेली होती.

मुलं हे मोठ्यांकडून उचलतात. अपंगत्व नशिबाने आलं, वजन मात्र ज्याचं त्याने ओढवून घेतलं, असा आपला हिशेब असतो. खातो फार, हलत नाही, तोंडावर ताबा नाही. मुलाखतीत डावललं जाणं, पगारात मागे राहणं, वर्गातली चिडवाचिडवी हे सगळं याच हिशेबावर चालतं. तेव्हा आधी हा हिशेबच तपासून घ्यावा.

1990 साली कॅनडात क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या भावांच्या 12 जोड्यांना मुद्दाम जास्त खाऊ घातलं. आठवड्यातले सहा दिवस, रोज 1000 कॅलरी जादा, असं एकूण 84 दिवस. हालचालीवरही नजर होती. जादा खाणं सगळ्यांचं सारखंच, तरी कुणाचं वजन 4.3 किलोने वाढलं, तर कुणाचं 13.3 किलोने. त्यातही गंमत अशी की जोडीतल्या दोन भावांची वाढ बरीचशी एकमेकांसारखी होती. मोठा फरक दिसला तो जोडीजोडीत. एकाच ताटातलं अन्न दोन शरीरं वेगवेगळ्या रीतीने खर्च करतात आणि साठवतात. त्याआधी 1986 साली डेन्मार्कमधल्या 540 दत्तक व्यक्तींचा अभ्यास झाला होता. त्यांची शरीरयष्टी जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होती. ज्यांच्या घरात ती वाढली, जेवली, त्यांच्याशी नाही.

भूक ही तर इच्छाशक्तीच्या अखत्यारीतली गोष्ट आहे, असं वाटतं. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने 1994 साली लेप्टिनचं जनुक शोधलं, आणि या समजुतीला तडा गेला. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून निघणारं संप्रेरक. साठा पुरेसा आहे, हा निरोप ते मेंदूला देतं. काही मुलांमध्ये हे संप्रेरक जन्मतःच तयार होत नाही. इंग्लंडमधली अशी एक मुलगी नवव्या वर्षी 94 किलोंची होती आणि तिची भूक कधी भागतच नसे. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर वर्षभरात तिचं वजन सुमारे 16 किलोंनी उतरलं. तिला कुणी संयम शिकवला नव्हता. फक्त मेंदूला निरोप पोचू लागला. हा आजार अतिशय दुर्मीळ आहे, हे खरं. बहुतेक लठ्ठ माणसांमध्ये लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही, त्यामुळे त्यांना लेप्टिन देऊन फारसा उपयोग होत नाही. भूक रसायनांच्या तंत्राने चालते, एवढं मात्र त्या मुलीने पक्कं करून दिलं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. जनुकं तर पन्नास वर्षांत बदलली नाहीत, मग जगातली लठ्ठ माणसं 2022 सालापर्यंत 100 कोटींच्या पुढे गेली कशी? बदललं ते भोवताल. केव्हिन हॉल यांनी 2019 साली 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. समोर मांडलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखे ठेवले आणि हवं तितकं खायला सांगितलं. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली. त्यांना ते जाणवलंही नसावं. असं अन्न स्वस्त आणि हाताशी असलं, काम बैठं आणि झोप अपुरी असली की ज्यांची जनुकं आधीच वजन वाढीकडे झुकलेली, ती माणसं आधी आणि जास्त वाढतात. बाकीचे तसेच राहतात आणि त्याचं श्रेय स्वतःच्या शिस्तीला देतात.

वजन उतरवलं की शरीर गप्प बसत नाही. भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं, लेप्टिन घसरतं, आणि हे बदल वर्षभरानंतरही टिकून राहिल्याचं दिसलं आहे. वजन घटवण्याच्या एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. बहुतेकांचं वजन बऱ्याच प्रमाणात परत आलं होतं. बघणाऱ्यांनी अर्थातच 'टिकवता आलं नाही' असं म्हटलं असणार.

बोलून बोलून तरी माणूस सुधारतो का? अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक मध्यमवयीन आणि वृद्धांच्या पाहणीत, 2006 साली जे लठ्ठ नव्हते पण वजनावरून भेदभाव सोसला असं सांगत होते, ते 2010पर्यंत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट निघाली. वंश किंवा लिंग यांवरून होणाऱ्या भेदभावाचा असा संबंध सहसा दिसला नाही. ही निरीक्षणं आहेत. त्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण वाट समजण्यासारखी आहे. अपमानाने ताण येतो, ताणात खाणं वाढतं, आणि चारचौघांत पळायला, पोहायला जायची लाज वाटते. म्हणजे औषध म्हणून दिलेला टोमणा रोगच वाढवत असावा. कायद्याने मात्र याची दखल क्वचितच घेतली आहे. अमेरिकेत मिशिगन राज्याने 1976 साली वजनावरून भेदभावाला बंदी घातली, न्यूयॉर्क शहराने थेट 2023 साली.

मला सगळ्यांत जास्त खटकतो तो दवाखाना. गुडघा दुखो, धाप लागो, पोटात कळ येवो, 'आधी वजन कमी करा' हे उत्तर ठरलेलं, मग तपासणी लांबते आणि पुढच्या वेळी रुग्णच यायचं टाळतो. रक्तदाब मोजण्याचा पट्टा मोठ्या दंडाला लहान पडला, तर रक्तदाब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. त्या आकड्यावरून गोळीही सुरू होऊ शकते. मोठ्या मापाचा पट्टा बाजारात मिळतो. तो टेबलावर ठेवावा, प्रतीक्षागृहात हात नसलेल्या दोन खुर्च्या असाव्यात, आणि वजनाचा विषय काढण्यापूर्वी 'याबद्दल बोललं तर चालेल का?' एवढं रुग्णाला विचारावं.