कथिलाचा पांढरा, कोबाल्टचा निळा

लिस्बनमध्ये १५०९ साली राणी लिओनोरने स्थापन केलेल्या माद्रे दे देउश मठाच्या इमारतीत आज पोर्तुगालचे राष्ट्रीय अझुलेझु, म्हणजे रंगवलेल्या चकचकीत टाइल्सचे, संग्रहालय आहे. तेथे सुमारे दीड हजार टाइल्स जोडून केलेले एक वेदीचित्र, म्हणजे चर्चच्या वेदीमागे लावायचे चित्र, भिंतभर उभे आहे. मधोमध बाळ येशूपुढे वाकलेले मेंढपाळ दिसतात, दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत संत लूक आणि संत योहान आहेत आणि वरच्या भागात गब्रिएल देवदूत मरीयेला निरोप सांगत आहे. कोनाडे, खांब आणि मूर्ती दगडात कोरल्यासारख्या भासतात, पण प्रत्यक्षात सारे सपाट टाइल्सवर रंगवलेले आहे. ‘नोसा सेन्योरा दा व्हिदा’ या नावाने ओळखले जाणारे हे काम सुमारे १५८० सालचे असून ते मार्सल दे मातोस या कारागिराचे मानले जाते. ते मुळात लिस्बनमधल्याच सांतु आंद्रे चर्चमध्ये होते. १७५५ च्या महाभूकंपातून ते वाचले आणि एकोणिसाव्या शतकात चर्च पाडले गेले तेव्हा तेथून हलवले गेले.

अझुलेझु हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘अझुल’ म्हणजे निळा यावरून आला असावा, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक तो गुळगुळीत दगड या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला आहे. सपाट टाइलवर कुंचल्याने थेट चित्र काढण्याची इटालियन पद्धत मात्र इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, या अरबी वारशानंतर आली. फ्रान्सिस्को निकुलोसो या इटालियन कारागिराने १५०४ साली सेव्हिलच्या राजवाड्यात मरीया आणि एलिझाबेथ यांच्या भेटीचे वेदीचित्र याच पद्धतीने घडवले.

या पद्धतीत चुनखडीयुक्त मातीची टाइल आधी एकदा भाजून घेतात. मग शिसे, वाळू आणि कथिलाचे ऑक्साइड यांपासून केलेली झिलईची, म्हणजे काचेसारख्या चकचकीत लेपाची, पूड पाण्यात कालवून तिच्यावर ओततात. सच्छिद्र टाइल पाणी क्षणात शोषून घेते आणि वर पिठासारखा पांढरा थर उरतो. चित्र काढायचे ते या कच्च्या थरावर. कुंचला टेकताच रंग आत शोषला जातो, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. शिवाय कोबाल्टचा रंग भट्टीत जाण्यापूर्वी बहुधा करडा किंवा काळपट दिसतो, म्हणजे निळा झगा रंगवणाऱ्याला निळा रंग समोर दिसतच नसे. माझ्या मते या कलेचे खरे कौशल्य रेखाटनापेक्षाही या अंदाजात आहे.

दुसऱ्या भाजणीत, साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला, ही पूड वितळून काच होते. शिशाची काच एरवी पारदर्शक असते आणि तिच्याखालची पिवळट किंवा तांबूस माती दिसत राहिली असती. पण कथिलाचे ऑक्साइड त्या काचेत फारसे विरघळत नाही, त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक काचेत विखुरलेले राहतात. या स्फटिकांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेचे माप, सुमारे २ असतो, भोवतालच्या काचेचा त्याहून बराच कमी. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश प्रत्येक स्फटिकाशी दिशा बदलतो आणि सर्व रंगांसह बाहेर परततो. दूध पांढरे दिसते त्यामागेही हेच विकिरण असते. या चित्रातला पांढरा हा मुळात रंगद्रव्याचा लेप नाही.

बाकीचे रंग भाजणीत वेगवेगळे वागतात. कोबाल्ट काचेत विरघळतो आणि त्याचे आयन काचेलाच निळे करतात, म्हणून निळ्या रेघेच्या कडा किंचित पसरट दिसतात. शिसे आणि अँटिमनीचा पिवळा मात्र विरघळत नाही, त्याचे कण काचेत अडकून राहतात. हिरवा तांब्यापासून मिळतो, जांभळट तपकिरी मँगॅनीजपासून. हे सारे काचेत बंदिस्त असल्यामुळे तैलचित्रातला रंग उडतो तसा टाइलचा रंग उन्हाने उडत नाही.

निळ्या रंगातून आणखी एक माहिती मिळते. युरोपातील बराचसा कोबाल्ट जर्मनीतील सॅक्सनीच्या खाणींतून येई. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तेथे धातुक प्रक्रियेची रीत बदलली आणि त्यानंतरच्या निळ्या झिलईत आर्सेनिक दिसू लागले. क्ष-किरणांच्या साह्याने, टाइलला ओरखडाही न काढता, हे आर्सेनिक ओळखता येते आणि टाइल त्या बदलाच्या आधीची की नंतरची याचा अंदाज बांधता येतो.

मग अशा टाइल्स खराब होतात त्या कशाने? बहुतेक वेळा मागून, मातीच्या बाजूने. मातीत चुनखडी घालण्याचा एक हेतू असा की भट्टीतून निघाल्यावर माती झिलईपेक्षा थोडी अधिक आकुंचन पावावी आणि झिलई दाबाखाली राहावी. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. परंतु भाजलेली माती वर्षानुवर्षे हवेतील ओलावा घेऊन किंचित फुगते, दाब कमी होत ताणात बदलतो आणि झिलईवर केसासारख्या बारीक चिरा पडतात. भिंतीतून क्षारयुक्त पाणी चढत असेल तर ते सुकताना क्षारांचे स्फटिक झिलईच्या अगदी पाठीमागे वाढतात आणि रंगासकट तिची खपली उडते. कोकणातल्या घरांच्या भिंतींना लागणारा लोणा तो हाच. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेत जोर्जे कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ साली केलेल्या टाइल्स आहेत. त्यांचा विषय धार्मिक नाही, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यांच्याही मागची भिंत कोरडी राखावी लागते. म्हणूनच जाणकार संवर्धक टाइलचा पुढचा भाग पुसण्याआधी भिंतीत ओल कोठून येते ते शोधतो, आणि उडालेल्या खपलीच्या जागी नवी झिलई भाजण्याचा विचार करत नाही, कारण क्षार आणि ओलावा मुरलेली जुनी टाइल पुन्हा भट्टीत घातली तर तडकण्याची भीती असते. ती जागा तो थंड अवस्थेतच भरतो आणि रंगवतो.