मुंबई विद्यापीठात पदवी प्रवेश: आधी काय ठरवायचं, मग कोणते कागद काढायचे

भांडुपच्या एका वाचनालयात दरवर्षी मे-जूनमध्ये आम्ही काही जण संध्याकाळी बसतो आणि बारावी झालेल्या मुलांना प्रवेशाचे फॉर्म भरायला मदत करतो. मागच्या खेपेला एक बाई मुलीला घेऊन आल्या. हातात प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात दहावीपासूनचे सगळे कागद नीट लावलेले. मुलगी कला शाखेची, बऱ्यापैकी टक्के. आईनं पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, तो फोर्टला टॉवर आहे ना घड्याळाचा, तिथेच बसेल ना ही शिकायला?"

हा गैरसमज फार घरांत असतो, आणि तो दूर न करता फॉर्म भरला की पुढची तीन वर्षं अवघड जातात. म्हणून कागदपत्रांच्या आधी हे सांगते.

विद्यापीठ म्हणजे नेमकं काय

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. तो, दीक्षान्त सभागृह आणि जुनं ग्रंथालय फोर्टला आहे. पदव्युत्तर शिक्षण देणारे बहुतेक विभाग सांताक्रूझ पूर्वेला कलिना संकुलात आहेत. बारावीनंतर बीए, बीकॉम, बीएस्सीला जाणारं मूल मात्र यांपैकी कुठेच बसत नाही. ते बसतं एखाद्या महाविद्यालयात. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालयं विद्यापीठाला संलग्न आहेत.

पदवीवर नाव विद्यापीठाचं असतं. शिक्षक, वर्ग, लायब्ररी, फी आणि लोकलचा प्रवास, हे सगळं कॉलेजचं असतं. त्यामुळे "मुंबई युनिव्हर्सिटी चांगली का?" या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे: कुठलं कॉलेज आणि कुठला विषय ते सांगा. २०२१ मध्ये नॅकनं, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेनं, विद्यापीठाला ए++ श्रेणी दिली, ३.६५ गुणांसह. ही अभिमानाचीच गोष्ट आहे, पण ती श्रेणी विद्यापीठाची आहे, संलग्न प्रत्येक कॉलेजची नाही. कॉलेजची स्वतःची नॅक श्रेणी वेगळी असते आणि ती त्याच्या संकेतस्थळावर लावलेली असते. ती बघा.

आणखी एक गोंधळ. एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही महाविद्यालयं आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत. केसी आणि एचआर ही एचएसएनसी विद्यापीठात गेली. आई-वडिलांच्या काळात ही सगळी मुंबई विद्यापीठाची होती, म्हणून घरात अजून तसंच बोललं जातं. आता तिथला फॉर्म वेगळा आणि पदवीवरचं नावही वेगळं. मुलींसाठी महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेलं एसएनडीटी विद्यापीठ हाही स्वतंत्र पर्याय आहे. त्याची संकुलं चर्चगेट आणि जुहूला आहेत. तो फॉर्मही निराळाच भरावा लागतो.

संलग्न, स्वायत्त की दूरस्थ

झेवियर्स, रुईया, मिठीबाई, जयहिंद अशी कितीतरी महाविद्यालयं आज स्वायत्त आहेत. म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पदवी मुंबई विद्यापीठाची. त्यांच्या प्रवेशाचं वेळापत्रक बहुधा स्वतःचं असतं, काही अभ्यासक्रमांना स्वतःची प्रवेश परीक्षाही असते. साध्या संलग्न कॉलेजात शेवटच्या वर्षाची परीक्षा विद्यापीठ घेतं. हा फरक लहान वाटतो, पण निकालाच्या वेळी जाणवतो. २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांच्या ऑनस्क्रीन तपासणीत घोळ झाला आणि निकाल इतके रखडले की परदेशी किंवा दुसऱ्या राज्यात पुढच्या शिक्षणाला जाणारी मुलं अडकून पडली. तेव्हापासून, पुढे लगेच बाहेर जायचं असेल तर स्वायत्त कॉलेजचा विचार करा, असं मी स्पष्ट सांगते. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर मात्र याचं फारसं ओझं घेऊ नका. एमपीएससीच्या राज्यसेवेला आणि यूपीएससीच्या नागरी सेवेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, मोठ्या कॉलेजचं नाव नाही.

नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी विद्यापीठाचं दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे, कलिन्यालाच. पूर्वी सगळे त्याला आयडॉल म्हणायचे. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. घरची अडचण असलेल्या मुलाला कॉलेजात नाव घालून हजेरी बुडवायला लावण्यापेक्षा हा मार्ग शंभर पटींनी बरा. यात कमीपणा मानू नका, असं मी पालकांना हात जोडून सांगते.

ठरवताना मी जे विचारते

त्या भांडुपच्या मुलीला मानसशास्त्र करायचं होतं आणि कॉलेज हवं होतं सीएसएमटीच्या जवळचं, नावाजलेलं. मी तिला वहीत दोन रकाने आखायला लावले. एकात दक्षिण मुंबईचं कॉलेज, दुसऱ्यात मुलुंडचं. मग एकेक ओळ भरत गेलो. दारापासून वर्गापर्यंत तिकडे जायला दीड तास, इकडे पंचवीस मिनिटं. म्हणजे रोजचे दोन तास दहा मिनिटं जास्त. सकाळी सातच्या लेक्चरला साडेपाच वाजता घर सोडायचं. दुपारी आई कामावर असताना धाकट्या भावाला शाळेतून कोण आणणार? हा प्रश्न तिनं स्वतःच खाली लिहिला.

खरी ओळ पुढे आली. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय) अशी रचना आहे. कॉलेज पहिल्या वर्षी मानसशास्त्र शिकवतं, म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत ते मेजर म्हणून मिळेलच असं नाही. जागा मोजक्या असतात आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर वाटल्या जाऊ शकतात. तिनं ज्याच्या नावावर भुलून फॉर्म भरायचा ठरवला होता, त्या कॉलेजात फोन केला. तिथे मेजरला हा विषय नव्हता. मुलुंडला होता. निर्णय तिथेच झाला.

तुम्हीही कॉलेजला हे विचारा: माझा विषय मेजर म्हणून मिळतो का, किती जागा आहेत, हा वर्ग अनुदानित आहे की सेल्फ फायनान्स, म्हणजे विनाअनुदानित. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर अनुदानित बीकॉम आणि विनाअनुदानित बीकॉम शेजारी चालतात आणि फीमध्ये कितीतरी पटींचा फरक असतो. चौथं वर्ष, म्हणजे ऑनर्स, तिथे आहे का हेही विचारा. नवीन रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स मिळतं. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात.

पात्रता आणि प्रवेशाचा क्रम

पारंपरिक बीए, बीकॉम, बीएस्सीला प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. बीएस्सीला विज्ञान शाखा हवी. आयटीसारख्या अभ्यासक्रमाला बारावीत गणित लागतं. बीएमएस, बीबीए, बीसीए या व्यवस्थापन आणि संगणकाच्या पदव्यांचं मात्र २०२४ पासून बदललं. ते तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, त्यासाठी राज्य सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) कक्षाची परीक्षा लागते. ही परीक्षा हुकली म्हणून रडत आलेली मुलं दरवर्षी भेटतात. अनेक महाविद्यालयांनी त्याच धर्तीवर बीकॉम व्यवस्थापन सुरू केलं आहे, त्याला ही सीईटी नाही. इंजिनीअरिंग, फार्मसीची वाट पूर्ण वेगळी, तीही सीईटी आणि केंद्रीय प्रवेश फेऱ्यांची.

संलग्न कॉलेजांचा क्रम असा. आधी विद्यापीठाच्या प्रवेश पोर्टलवर नावनोंदणी करायची, फोटो-सही चढवायची, अभ्यासक्रम आणि कॉलेजं निवडायची आणि अर्जाची प्रत छापून ठेवायची. एवढ्यावर प्रवेश होत नाही. त्यानंतर प्रत्येक कॉलेजचा स्वतःचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि त्यात विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक लागतो. बरीच मुलं पहिली पायरी करून निवांत बसतात. मग गुणवत्ता याद्या लागतात, साधारण तीन. यादीत नाव आलं की दिलेल्या दोन-चार दिवसांत कागद तपासून फी भरायची. तारीख गेली की जागा गेली. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला आणि पहिली यादी त्याच महिन्यात आली. दाखले निकालानंतर काढू म्हणणाऱ्यांचे हाल झाले ते यामुळेच.

त्याच कॉलेजातून बारावी केलेल्या मुलांना इनहाउस म्हणून आधी जागा मिळतात. अल्पसंख्याक दर्जाच्या महाविद्यालयांत मोठा वाटा त्या भाषक किंवा धार्मिक समाजासाठी राखलेला असतो. खुल्या जागांची कटऑफ म्हणूनच डोळे पांढरे करते. तुमचे टक्के कमी नसतात, उरलेल्या जागाच कमी असतात.

कागदपत्रं

सगळ्यांना लागतात ती अशी: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि अपार (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) किंवा एबीसी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा) क्रमांक. सीबीएसई, आयसीएसई किंवा दुसऱ्या राज्याच्या मंडळाचं मूल असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं आणि विद्यापीठाकडून पात्रता तपासली जाते. मध्ये वर्ष गेलं असेल तर खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र.

आरक्षित जागेसाठी जातीचा दाखला. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना त्याबरोबर नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, आर्थिक दुर्बल घटकासाठी त्याचं स्वतंत्र प्रमाणपत्र. सीईटीच्या अभ्यासक्रमांना जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला पडताळून खरा ठरल्याचा कागद, लागतं आणि ते मिळायला सगळ्यात जास्त वेळ जातो. त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच करा. वडिलांकडच्या कोणा जवळच्या नातलगाची वैधता झालेली असेल तर ती प्रत जोडा, काम खूप सोपं होतं.

उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू, महा ई-सेवा केंद्रातून निघतो. उपनगरात तो अंधेरी, बोरिवली किंवा कुर्ला तहसीलच्या हाताखाली येतो, शहरातल्यांचा कारभार फोर्टच्या जुन्या जकात घरातून चालतो. उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदतीची तारीख असते, साधारण ३१ मार्च. मागच्या वर्षीचा दाखला घेऊन जूनमध्ये उभे राहाल तर परत पाठवतील. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. बाहेर कोणी त्यासाठी स्टॅम्प पेपर घ्यायला लावत असेल तर घेऊ नका.

नावाचं मात्र जपा. त्या मुलीच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. ते चालतं. पण वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधारवर एक 'ए' जास्त होता. तेवढ्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज अडला असता. गुणपत्रिका दुरुस्त करायची तर शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे जावं लागतं, त्याला वेळ लागतो. त्यामुळे आधार केंद्रात जाऊन आधारच गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या. तिनं दुसऱ्याच दिवशी केलं.

फी, शिष्यवृत्ती आणि प्रवेश रद्द

अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वार्षिक अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळते, त्यापुढे फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, आहे. खुल्या गटासाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा ८ लाख. व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीय फेरीतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि एसईबीसी मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण शिक्षण शुल्क माफी आहे, उत्पन्नाची अट तीच. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात. खातं जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा, पासबुकावर आधार क्रमांक लिहिलेला असणं पुरेसं नाही.

एका ठिकाणी फी भरली आणि नंतर मनासारखं कॉलेज मिळालं तर घाबरू नका. यूजीसीच्या नियमाप्रमाणे मूळ कागदपत्रं कोणतीही संस्था ताब्यात ठेवू शकत नाही, ती तपासून परत द्यायची असतात. फी परत करण्याच्या तारखा यूजीसी दरवर्षी जाहीर करतं. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलेल्या प्रवेशाची पूर्ण फी परत द्यायची होती. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीनं एका कॉलेजात तोंडी सांगून प्रवेश सोडला होता, फी मिळायला दिवाळी उजाडली. हातात पोच नव्हती, दुसरं काही कारण नव्हतं.

प्रवेश पक्का झाला की कार्यालयातून बोनाफाइड आणि रेल्वे सवलतीचा फॉर्म त्याच आठवड्यात मागून घ्या. घराजवळचं स्टेशन आणि कॉलेजजवळचं स्टेशन नीट लिहून घ्या. तिमाही पास काढलात तर खर्च आणखी उतरतो. त्या मुलीचा भांडुप ते मुलुंड पास निघाला, मधे फक्त नाहूर.