पार्श्वभूमी : एल पालो अल्टो उद्यान आणि त्यातला रेडवुड

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात पालो अल्टो शहराच्या उत्तर टोकाला, सॅन फ्रान्सिस्किटो ओढ्याच्या काठी, रुळांना खेटून हे छोटं उद्यान आहे. त्याला आणि सगळ्या शहराला नाव देणारा ‘एल पालो अल्टो’ (स्पॅनिशमध्ये ‘उंच झाड’) हा कोस्ट रेडवुड जातीचा वृक्ष तिथे अजून उभा आहे. वय हजार वर्षांच्या पुढे, उंची आज साधारण 110 फूट.

हा ओलोनी या मूळ रहिवासी लोकांचा मुलूख. 1769 च्या नोव्हेंबरात माँटेरे उपसागराच्या शोधात उत्तरेला भरकटलेली स्पॅनिश मोहीम या ओढ्याकाठी उतरली होती. पुढे इथे मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचं ठाणं, बांधायचा विचार झाला, पण उन्हाळ्यात ओढा आटतो म्हणून तो सोडून दिला. 1776 मध्ये एका पाद्र्याने झाडाची उंची मोजून रोजनिशीत टिपली.

नावावरून भांडण झालं ते शंभर वर्षांनी. 1876 साली एका रेल्वेमालकाने ओढ्यालगत जमीन घेतली आणि आपल्या घोड्यांच्या फार्मला या झाडाचं नाव दिलं. विद्यापीठ काढायचं ठरल्यावर त्याने शेजारच्या मेफील्ड गावाला गुत्ते बंद करायला सांगितलं. गावाने साफ नकार दिला. मग विद्यापीठासमोर ‘युनिव्हर्सिटी पार्क’ हे नवं, दारूबंदीचं गाव वसवलं गेलं. तेवढ्यात मेफील्डच्या बाजूला दुसऱ्याच कुणी प्लॉट पाडून त्यांना ‘पालो अल्टो’ म्हणायला सुरुवात केली. रेल्वेमालकाने हरकत घेतली, तेव्हा त्या वस्तीला ‘कॉलेज टेरेस’ व्हावं लागलं, आणि 1892 मध्ये युनिव्हर्सिटी पार्कचं नाव पालो अल्टो झालं. झाड तर या सगळ्यांच्या कितीतरी आधीचं. त्याच्या नावावर एकाच फार्मचा हक्क कसा, हा प्रश्न तेव्हा विचारला जायला हवा होता. जुनं मेफील्ड मात्र 1925 मध्ये याच शहरात विलीन झालं. आज तिथे राहणाऱ्यांपैकी अनेकांना त्या गावाचा पत्ताही नसतो.

नावासाठी एवढी ओढाताण चालली होती, तेव्हा झाडाचे हाल सुरू होते. रेल्वे 1860 च्या दशकात अगदी बुंध्याजवळून गेली. झाड मुळात जोडखोडाचं. 1880 च्या दशकात त्यातलं एक खोड कोसळलं. त्यानंतर काठ खचू नये म्हणून भिंती घातल्या गेल्या. वाफेच्या इंजिनांची काजळी पानांवर बसत राहिली, आणि वाढत्या वस्तीने उपसा केल्याने भूजल खाली गेलं. रेडवुड फक्त मुळांनी पाणी पीत नाही, समुद्रावरून येणारं धुकं पानांनीही शोषतो. म्हणून एकेकाळी खोडावरून वर पाइप चढवून शेंड्यावर पाण्याचा फवारा सोडावा लागला. तरी शेंडा वाळला आणि तो टप्प्याटप्प्याने छाटावा लागला. उंची घटली ती त्यामुळे.

सप्टेंबर 2024 पासून या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. इतक्या वर्षांनी झाडालगतचा इंजिनांचा धूर जवळपास थांबला, ही माझ्या मते शतकभरातली त्याच्यासाठीची सगळ्यात चांगली बातमी. काळजी उरते ती ओढ्यावरच्या जुन्या रेल्वेपुलाची. तो कधी बदलायचा झाला, तर खोदकाम मुळांच्या अगदी जवळ येईल. तेव्हा झाडांचा जाणकार पहिल्या आराखड्यापासून सोबत हवा, काम सुरू झाल्यावर बोलावून उपयोग नाही.