कूपन कापून पाठवा: क्लॉड हॉपकिन्स यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

‘आजच नाव नोंदवा, पसंत न पडल्यास पैसे परत’ ही ओळ मोबाइलवर इतकी दिसते की ती मोबाइलबरोबरच आली असं वाटावं. ती शंभर वर्षांहून जुनी आहे. वाचकाकडून तिथल्या तिथे उत्तर मागायचं आणि किती उत्तरं आली ते मोजायचं, याला ‘डायरेक्ट रिस्पॉन्स’ म्हणतात. आधी या धंद्यात नाव कमवायचं आणि मग त्यावर पुस्तक लिहायचं, ही आजच्या सल्लागारांची वाट ज्यांनी मळवली त्यांत अमेरिकेचे क्लॉड हॉपकिन्स (१८६६–१९३२) ठळक आहेत.

मिशिगन राज्यातलं गरीब घर, दहाव्या वर्षी वडील गेलेले, आई धार्मिक. मुलगा धर्मोपदेशक होणार असं जवळपास ठरलेलंच होतं. तो झाला बिसेल कंपनीत हिशेबनीस. गालिचे झाडायचं हातयंत्र ही कंपनी बनवी. हॉपकिन्स यांनी ते नाताळची भेट म्हणून सुचवणारी पत्रं व्यापाऱ्यांना पाठवली. आत्मचरित्रात ते सांगतात, पत्रं सुमारे ५,००० आणि ऑर्डरी १,०००. मग त्यांनी यंत्राची लाकडी पेटी फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंत बारा प्रकारच्या लाकडांत करायला लावली. यंत्र तेच, पण गिऱ्हाइकाला निवडायला काहीतरी मिळालं. आकडे त्यांचे स्वतःचे आहेत, म्हणून थोडे सावधपणेच घ्यावेत. हिशेबनीसाची सवय मात्र खरी: गेलेल्या प्रत्येक पत्रापुढे आलेलं उत्तर मांडायचं.

पुढचा टप्पा पेटंट औषधांचा, म्हणजे आत काय आहे ते न सांगता जाहिरातीच्या जोरावर खपणाऱ्या औषधांचा, आणि तो झाकण्यासारखा नाही. शिकागोच्या ‘लिक्वोझोन’ या औषधात हॉपकिन्स भागीदार होते आणि जाहिरातही त्यांचीच. जाहिरातीतलं कूपन भरून पाठवा, पहिली बाटली फुकट, असा तो प्रस्ताव होता. १९०५ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकाने पेटंट औषधांवर लेखमाला चालवली आणि हे ‘औषध’ म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि किंचित आम्ल असल्याचं उघड केलं. ही लेखमाला लिहिणाऱ्या पत्रकाराच्या नावातही हॉपकिन्स होतं: सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स. पुढच्याच वर्षी अमेरिकेत शुद्ध अन्न व औषध कायदा झाला. कूपनाने मागणी अचूक मोजली होती. बाटलीत काय आहे हे मोजणं त्याचं कामच नव्हतं.

तरीही १९०७ मध्ये शिकागोच्या ‘लॉर्ड अँड थॉमस’ जाहिरात एजन्सीचे अल्बर्ट लास्कर यांनी हॉपकिन्स यांना वर्षाला १,८५,००० डॉलरवर घेतलं. त्या काळी ही रक्कम अचाट होती. त्यामागचं कारण असं: १९०४ मध्ये जाहिरातलेखक जॉन ई. केनेडी यांनी लास्करना सांगितलं होतं की जाहिरात म्हणजे छापील विक्रेतेगिरी. विक्रेता किती माल खपवतो यावरून जोखला जातो, तशीच जाहिरातही जोखायला हवी. हे कागदावर उतरवणारा माणूस लास्करना हॉपकिन्स यांच्यात दिसला.

त्यांची हातोटी दोन उदाहरणांत दिसते. मिलवॉकीच्या श्लिट्झ बिअरसाठी त्यांनी बाटल्या वाफेने कशा धुतात ते लिहिलं. सगळेच कारखाने तसं करत, पण आधी सांगितलं कोणी? दुसरं, आपल्या दुकानांतही मिळणारी पेप्सोडेंट. दातांवर जीभ फिरवली की लागणाऱ्या थराला त्यांनी ‘फिल्म’ म्हटलं आणि दहा दिवसांची ट्यूब कूपनावर फुकट दिली. तो थर दातांवर पुन्हा धरतोच, हे मात्र जाहिरातीत नव्हतं.

‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे त्यांचं छोटं पुस्तक १९२३ मध्ये आलं, आत्मचरित्र १९२७ मध्ये. आत्मचरित्रात लिक्वोझोनला स्वतंत्र प्रकरण आहे. छोट्या पुस्तकाचं सांगणं थोडक्यात असं: मतं विचारू नका, लहान प्रमाणावर चाचणी घ्या, कूपनं मोजा. पुढच्या पिढीतले नामवंत जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वी यांनी तर हे पुस्तक सात वेळा वाचल्याशिवाय कुणाला जाहिरातीला हात लावू देऊ नये, असं म्हटलं.

हॉपकिन्स १९३२ मध्ये वारले. त्याच वर्षी जाहिरातलेखक जॉन केपल्स यांचं ‘टेस्टेड ॲडव्हर्टायझिंग मेथड्स’ आलं. एकाच मालाच्या दोन मथळ्यांपैकी कुठला जास्त कूपनं आणतो, हा हिशेब त्यात पुढे चालू राहिला. ‘डायरेक्ट मार्केटिंग’ हे नाव या धंद्याला अमेरिकेचेच जाहिरातकार लेस्टर वुंडरमन यांनी दिलं, ते साठच्या दशकात.