प्रेग्नन्सीत माउथवॉश चालतो का, हा प्रश्न आला कुठून

ब्रश करताना गरोदर बाईच्या हिरड्यांतून रक्त आलं की घरातलं कोणीतरी माउथवॉशची बाटली पुढे करतं आणि मग ती बिचारी विचारते, हे चालतं ना? आता बाटलीत काय आहे ते बघितल्याशिवाय कोण सांगणार, कारण अँटीसेप्टिक म्हणून निदान तीन वेगळी औषधं विकली जातात आणि तिन्ही आधी दुसऱ्याच कामासाठी शोधलेली.

सगळ्यात जुनं लिस्टरिन, 1879 चं, अमेरिकेतल्या सेंट लुईसचं, नाव सर्जन जोसेफ लिस्टरवरून आणि मूळ काम ऑपरेशनच्या वेळची सफाई! जुन्या फॉर्म्युल्यात अल्कोहोल 26.9 टक्के, म्हणजे वाइनपेक्षा जास्तच, पण कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. 1973 मध्ये सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी दारूमुळे पोटातल्या बाळाला होणाऱ्या त्रासाला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' नाव दिलं, मग लेबलं वाचायची सवय लागली. थुंकून टाकल्यावर पोटात जातं अगदी थोडं, पण अल्कोहोल-फ्री मिळत असताना तेवढं तरी कशाला.

दुसरं क्लोरहेक्सिडिन. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत मलेरियाची औषधं शोधता शोधता सापडलं, 1970 मध्ये हॅराल्ड ल्यो आणि शिऑट या दातांच्या संशोधकांनी दाखवलं की 0.2 टक्क्याच्या द्रावणाने दिवसातून दोनदा चूळ भरली की दातांवर प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, धरत नाही. चुकून गिळलं तरी आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, त्यामुळे गरोदरपणात आणि अंगावर पाजताना डेंटिस्ट बहुतेक हेच थोड्या दिवसांसाठी देतात. दात तपकिरी होतात आणि तोंडाची चव जाते ते वेगळंच, आधीच उलट्यांनी जीव नकोसा झालेला असतो.

तिसरं, आणि जपून राहायचं ते पोव्हिडोन आयोडीनपासून, म्हणजे आपलं बेटाडीन, कोविडमध्ये घरोघरी ज्याच्या गुळण्या झाल्या ते. आयोडीन तोंडातून रक्तात जातं, वारेतून बाळाकडे जातं, दुधातही उतरतं आणि रोज रोज वापरलं तर बाळाच्या थायरॉइडला त्रास देऊ शकतं, म्हणून गरोदर आणि पाजणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊच नये.

आणि मजा म्हणजे याच ल्यो यांनी 1963 मध्ये सिलनेस नावाच्या संशोधकाबरोबर गरोदर बायकांच्या हिरड्या तपासल्या होत्या. त्या सुजतात त्या प्लाकमुळेच, हार्मोन्स फक्त ती सूज वाढवतात, म्हणजे रक्त येतं म्हणून ब्रश बंद करून नुसत्या चुळा भरत बसणं उलटंच पडतं.