क्लाउन आणि क्लीनर रास: आधी नर की आधी मादी?

कोल्हापुरात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारे चौघे जमले की एकजण म्हणतोच, "प्रवाळातले मासे काय भावा, मनात आलं की नराची मादी, मादीचा नर!" ऐकून कान किटले. मनात येण्याचा इथं काही संबंध नाही, आणि क्लाउन व क्लीनर रास या दोन माशांची तर दिशाच एकमेकांच्या उलटी आहे.

दिसण्यात घोटाळा व्हायचं कारण नाही. क्लाउन म्हणजे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला, तुम्हाला ठाऊकच आहे. रास बोटाएवढा, अंगभर लांब काळी पट्टी, दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खाणारा. बास.

क्लाउन वयात येतो तो नर म्हणून. एका समुद्रफुलात, म्हणजे क्लाउन राहतो त्या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात, सगळ्यांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल तिचा नर, बाकीची लहानगी नुसती रांगेत. मादी मेली की त्या नराचीच मादी होते आणि रांगेतला थोरला नर बनतो. रास आधी मादी असतो. एका नराच्या हद्दीत चार-पाच माद्या. नर गेला की थोरली मादी दोनेक तासांतच बाकीच्यांवर नरासारखी दादागिरी करू लागते. शुक्राणू तयार व्हायला मात्र १४ ते १८ दिवस जातात. ऑस्ट्रेलियातल्या हेरॉन बेटाजवळ हे पाहून रॉबर्टसन या संशोधकानं १९७२ साली मांडलं.

खरी गोम पुढे आहे: थोराड अंगाचा फायदा कुणाला? क्लाउनचं जोडपं एकाच समुद्रफुलाला बांधलेलं. नर एकटीचीच अंडी फळवणार, त्याला लहान अंग पुरतं. मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. रासचा नर हद्दीतल्या सगळ्याच माद्यांची अंडी फळवतो, पण हद्द राखायला अंगात जोर लागतो. लहानपणी नर होऊन मार खाण्यापेक्षा मादी होऊन अंडी घातलेली बरी.

बापपणातही तोच फरक. क्लाउनचा नर केशरी अंड्यांवर परांनी पाणी खेळवत राहतो, मेलेलं अंडं तोंडानं उचलून काढतो. काही दिवसांनी प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चमकतात. रासची अंडी पाण्यात सुटली की वाहून गेली, राखण वगैरे नाही.

म्हणून दुकानात क्लाउनची नखाएवढी पिल्लं "नर-मादी पेअर" सांगून जादा पैसे मागितले तर देऊ नका. त्यात मादी येणार कुठून? एक जरा मोठं, एक लहान अशी दोन पिल्लं घ्या, मोठ्याची मादी होईल. दोन वाढलेल्या माद्या मात्र एकत्र सोडू नका. क्लाउनची मादी परत नर होत नाही, मारामारी ठरलेली. आणि रास तर घेऊच नका. टँकमध्ये त्याच्या पोटापुरते परजीवी नसतात, बहुतेक उपाशीच मरतात.